नांदेड–लातूर परिसरातील तरुण संगीतसाधक आणि शास्त्रीय संगीताचे व्यासपीठ : एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

प्रस्तावना

हिंदुस्थानी शास्त्रीय संगीताचा इतिहास बहुधा थोर गायक-वादकांच्या चरित्रांतून आणि घराण्यांच्या वंशावळींतून सांगितला जातो. ग्वाल्हेर, आग्रा, जयपूर, किराणा या घराण्यांचे नकाशे काढले की इतिहास पूर्ण झाला, असा समज त्यातून दृढ झाला आहे. या नकाशावर मराठवाड्याचे, त्यातही नांदेड व लातूर या जिल्ह्यांचे स्थान ठळक नाही. येथे एकाही प्रमुख घराण्याचे मूळ पीठ नव्हते. ग्वाल्हेर, बडोदा किंवा कोल्हापूर यांसारखा मराठी दरबार नव्हता. मुंबई-पुण्याप्रमाणे तिकीट काढून गाणे ऐकणारा मध्यमवर्गही दीर्घकाळ नव्हता. तरीही या भूमीत पिढ्यान्‌पिढ्या मुले गात-वाजवत आली आहेत. कोणी दिंडीत मृदंग धरला, कोणी गुरुद्वाऱ्यात रागदारीतील शबद ऐकत वाढला, तर कोणी कीर्तनकाराच्या मागे झांज वाजवता वाजवता स्वरज्ञान मिळवले.

संगीताचा इतिहास वयाच्या दुसऱ्या टोकाकडून पाहिला तर काही वेगळे प्रश्न समोर येतात. तरुण साधक पहिल्यांदा कोणासमोर गातो? त्याला श्रोता कोण मिळवून देतो? किती वेळ मिळतो? समूहात गाण्या-वाजवण्याची संधी मिळते की एकट्यानेच उभे राहावे लागते? या प्रश्नांच्या आधारे नांदेड–लातूर परिसराच्या सांगीतिक वाटचालीचा मागोवा घेणे, हा प्रस्तुत निबंधाचा हेतू आहे.

उद्दिष्टे व पद्धती

१) या परिसरात तरुणांच्या संगीतशिक्षणाची व सादरीकरणाची जी माध्यमे निर्माण झाली, त्यांचा कालक्रमाने आढावा घेणे.
२) परीक्षा, स्पर्धा आणि मैफल या तीन व्यवस्थांचा परस्परसंबंध तपासणे.
३) वृंदगायन व वृंदवादन या समूहप्रकारांचे तरुण साधकांच्या संदर्भातील महत्त्व स्पष्ट करणे.

विवेचनासाठी ऐतिहासिक व वर्णनात्मक पद्धतीचा अवलंब केला आहे. विवेचन प्रामुख्याने गायन व तालवाद्यांपुरते मर्यादित आहे.

देवगिरीचा वारसा : ‘संगीतरत्नाकर’ आणि वृंदाची कल्पना

मराठवाड्याच्या संगीतेतिहासाचा विचार देवगिरीपासूनच सुरू करावा लागतो. तेराव्या शतकाच्या पूर्वार्धात यादव राजा सिंघण याच्या आश्रयास असलेल्या शार्ङ्गदेवाने ‘संगीतरत्नाकर’ हा ग्रंथ रचला. शार्ङ्गदेवाचे पूर्वज काश्मीरहून दक्षिणेत आलेले होते आणि तो स्वतः यादवांच्या राज्यकारभारात अधिकारी होता. स्वर, राग, प्रकीर्णक, प्रबंध, ताल, वाद्य आणि नृत्य अशा सात अध्यायांचा हा ग्रंथ उत्तर व दक्षिण या दोन्ही संगीतपद्धतींना आधारभूत मानला जातो.

या ग्रंथाच्या प्रकीर्णक अध्यायात ‘वृंद’ ही संकल्पना सविस्तर मांडलेली आहे, याकडे मात्र फारसे लक्ष दिले जात नाही. उत्तम वृंदात चार मुख्य गायक, आठ सहगायक, बारा गायिका, चार बासरीवादक आणि चार मृदंगवादक असावेत, असे शार्ङ्गदेव सांगतो. म्हणजे एकूण ३२ कलावंत झाले. मध्यम वृंद याच्या निम्मा असतो. मुख्य गायकाला अनुसरणे, तालात एकमेकांशी जुळवून घेणे, एकाचे न्यून दुसऱ्याने झाकणे, तिन्ही सप्तकांत आवाज पोहोचवणे अशा गुणांची अपेक्षा वृंदाकडून केलेली आहे. भारतीय संगीत हे केवळ एकट्याचे संगीत आहे, समूहवादन ही पाश्चात्त्यांची देणगी आहे, असे जे सरसकट म्हटले जाते, त्याला देवगिरीच्या छायेत लिहिलेला हा ग्रंथच उत्तर देतो. या वृंदात सहगायकांची संख्या मुख्य गायकांच्या दुप्पट आहे, ही बाब शिक्षणाच्या दृष्टीने विशेष बोलकी आहे. ज्याची तयारी अजून पूर्ण झालेली नाही त्यालाही सभेत मानाची जागा आहे आणि ती जागा शिकण्याचीही आहे.

चौदाव्या शतकाच्या प्रारंभी यादवांची सत्ता लयास गेली. देवगिरीचा गायक गोपाल नायक दिल्लीला गेला, अशी परंपरा संगीताच्या वाङ्मयात नोंदलेली आहे. दरबार गेला आणि त्याबरोबर दरबारी वृंदही गेला. समूहाने गाण्याची वृत्ती मात्र लोप पावली नाही. तिला भक्तिसंप्रदायांनी आपल्या अंगणात जागा दिली.

दिंडी, मठ आणि कीर्तन : अनौपचारिक संगीतशाळा

वारकरी भजन ही मराठवाड्यातील सर्वांत मोठी आणि सर्वांत स्वस्त संगीतशाळा होय. तिला प्रवेशशुल्क नाही, वयाची अट नाही आणि जातीचा दाखलाही लागत नाही. टाळकऱ्यांच्या दोन ओळींत उभा राहिलेला आठ-दहा वर्षांचा मुलगा आधी ठेका अंगात भिनवतो, मग चाल उचलतो आणि पुढे एखाद्या अभंगाचे ध्रुपद धरतो. चुकला तर त्याचा आवाज समूहात मिसळून जातो, साधला तर शेजारचा टाळकरी मान डोलावतो. शार्ङ्गदेवाने सांगितलेले सहगायकाचे स्थान ते हेच.

लातूर जिल्ह्यातील औसा येथील नाथ संस्थानाची चक्रीभजनाची परंपरा या संदर्भात उल्लेखनीय आहे. टाळ-मृदंगाच्या गजरात पदन्यास करीत, चक्राकार फिरत केले जाणारे हे भजन स्वर, लय आणि देहगती यांचा एकत्र अभ्यास घडवते. अंबाजोगाई परिसरातील आपेगावच्या शंकरबापू आपेगावकर यांचे उदाहरण तर या अनौपचारिक शाळेचे सामर्थ्य निर्विवादपणे सिद्ध करते. वारकरी परंपरेतील मृदंगवादनाच्या संस्कारांतून घडलेला हा कलावंत पखवाजवादक म्हणून देशभर मान्यता पावला आणि ‘पद्मश्री’ने सन्मानित झाला. भजनातील मृदंग आणि ध्रुपदाच्या सभेतील पखवाज यांत वाद्य एकच, विद्याही एकच आहे. अंतर होते ते केवळ व्यासपीठाचे, आणि ते ओलांडता येते हे त्यांनी दाखवून दिले.

नांदेड जिल्ह्यातील उमरी तालुक्यातील गोरटे हे गाव संतकवी दासगणू महाराजांच्या (१८६८–१९६२) वास्तव्याने प्रसिद्ध आहे. त्यांच्यासारख्या कीर्तनकारांमुळे नारदीय कीर्तनाची परंपरा या भागात रुजली. पूर्वरंग-उत्तररंगाच्या रचनेत पद, साकी, दिंडी, आर्या अशा अनेक वृत्तांचे आणि चालींचे भांडार असते. हार्मोनियम व तबल्याच्या साथीला बसणाऱ्या तरुणाला प्रसंग पाहून चाल आणि लय बदलावी लागते. साथसंगत ही स्वतंत्र कला आहे, याचे पहिले शिक्षण अनेकांना कीर्तनाच्या चौरंगामागे मिळाले.

सचखंड श्री हुजूर साहिब : रागांचे नित्यपठण

नांदेडचे वेगळेपण असे की, येथे भक्तिसंगीताची आणखी एक भक्कम धारा अखंड वाहते आहे. १७०८ साली गुरू गोविंदसिंगजी येथे ज्योतिर्लीन झाले आणि त्यांनी ग्रंथसाहिबास गुरुपद दिले. पुढे महाराजा रणजितसिंग यांच्या काळात, १८३०च्या दशकात, सचखंड गुरुद्वाऱ्याची वास्तू उभी राहिली. श्री गुरू ग्रंथसाहिबातील वाणीचा मुख्य भाग रागांनुसार विभागलेला आहे आणि त्या रागांची संख्या ३१ आहे. संत नामदेवांची पदेही त्यांत समाविष्ट आहेत. धर्मग्रंथाची अनुक्रमणिकाच रागांच्या नावाने लावलेली असावी, ही जगाच्या धार्मिक वाङ्मयातील दुर्मीळ गोष्ट आहे.

पहाटेच्या ‘आसा दी वार’पासून रात्रीच्या कीर्तनापर्यंत प्रहरानुसार चालणारी ही गायनव्यवस्था नांदेडच्या श्रवणसंस्काराचा भाग आहे. रबाब, ताऊस, दिलरुबा या तंतुवाद्यांची परंपरा, पुढे आलेली हार्मोनियम आणि तबल्याची जोडी यांतून रागी जथ्यांची पिढी घडत आली. रागीजनांच्या जथ्यात तरुणाला आधी साथीला बसवले जाते आणि हळूहळू शबद गाण्याची संधी दिली जाते. वारकरी दिंडीशी असलेले हे साम्य योगायोगाचे नाही. दोन्ही परंपरांत संगीत हे सेवेचे साधन आहे आणि सेवेत नवशिक्यालाही वाटा असतो. येथील श्रोता टीकाकार म्हणून बसत नाही. त्यामुळे तरुण गळ्यावरचे भय मुळातच कमी होते.

निजामी राजवट आणि संगीताचे केंद्रीकरण

१९४८ पर्यंत नांदेड व आजचा लातूर जिल्हा हैदराबाद संस्थानाचे भाग होते. संस्थानाचा कलाश्रय राजधानीत एकवटलेला होता. मेवाती घराण्याचे पं. मोतीराम यांना निजामाच्या दरबारात राजगायक म्हणून मान मिळायचा होता, पण त्याच दिवशी, १९३४ साली, हैदराबादेत त्यांचे निधन झाले. त्यांचे पुत्र पं. जसराज त्या वेळी अवघे चार वर्षांचे होते. वडिलांच्या स्मृतीशी जोडलेले हे शहर पुढे जसराजांनी संगीतसमारोहाच्या रूपाने आयुष्यभर जपले. १९३५ मध्ये हैदराबादेत नभोवाणी केंद्र सुरू झाले, परंतु गोदाकाठच्या वा मांजराकाठच्या गावातील मुलाला त्या केंद्राचे दार ठोठावणे सोपे नव्हते.

राजधानीबाहेर सार्वजनिक जीवनावर निर्बंध होते. सभांवर पूर्वपरवानगीचे बंधन घालणारी गश्ती क्रमांक ५३ मराठवाड्याच्या स्मरणात आजही आहे. शिक्षणाचे माध्यम उर्दू होते. अशा परिस्थितीत गणेशोत्सवातील मेळे हे तरुणांचे एकत्र येण्याचे आणि एकत्र गाण्याचे महत्त्वाचे निमित्त ठरले. मेळ्यातील पदे शास्त्रीय नव्हती. पण नाट्यसंगीताच्या चालींवर बांधलेल्या त्या पदांमुळे यमन, भूप, भीमपलास, पिलू असे राग अप्रत्यक्षपणे घराघरांत पोहोचले. याच काळात खासगी मराठी शाळांचे जाळे उभे राहत होते. १९२१ मधील हिप्परग्याची राष्ट्रीय शाळा आणि नंतर अंबाजोगाईचे योगेश्वरी विद्यालय ही त्याची ठळक उदाहरणे. स्वामी रामानंद तीर्थ या दोन्ही संस्थांशी निगडित होते. प्रार्थना, समूहगीते, प्रभातफेऱ्या यांमुळे गाणे हे शाळेत शिकवण्याजोगे आहे, हा विचार येथे रुजला. एरवी ‘गाणे-बजावणे’ म्हणून नाक मुरडणाऱ्या समाजात हा बदल लहान नव्हता.

विद्यालयीन पद्धती : परीक्षेचे देणे आणि घेणे

पं. विष्णु दिगंबर पलुसकर (१८७२–१९३१) यांनी १९०१ मध्ये लाहोर येथे गांधर्व महाविद्यालय स्थापन केले, तेव्हा संगीतशिक्षण गुरुगृहातून सार्वजनिक शाळेत आले. पं. विष्णु नारायण भातखंडे (१८६०–१९३६) यांनी १९१६ मध्ये बडोद्याला संगीत परिषद भरवून आणि रागांचे थाटांत वर्गीकरण करून अभ्यासक्रमाचा पाया घातला. पलुसकरांच्या निधनानंतर १९३१ मध्ये त्यांच्या शिष्यांनी स्थापन केलेल्या अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाने प्रारंभिकपासून प्रवेशिका, मध्यमा, विशारद आणि अलंकारपर्यंत परीक्षांची पायरी-पायरीची रचना सिद्ध केली.

मराठवाड्यासारख्या, घराणेदार गुरूंपासून दूर असलेल्या प्रदेशाला ही रचना वरदान ठरली. तालुक्याच्या गावीही एखाद्या शिक्षकाने आपल्या राहत्या घरी वर्ग सुरू करावा, परीक्षकांनी बाहेरून यावे आणि प्रमाणपत्रावर देशभर मान्यता असलेली मोहोर उमटावी, ही सोय पूर्वी कधीच नव्हती. मुलींना तर या पद्धतीने दारच उघडून दिले. गुरूच्या घरी वर्षानुवर्षे राहणे ज्यांना शक्य नव्हते, त्या संध्याकाळच्या वर्गाला जाऊ लागल्या.

याच पिढीतील शिक्षक अण्णासाहेब गुंजकर यांचे नाव मराठवाड्यात आदराने घेतले जाते. त्यांचे शिष्य पं. नाथराव नेरळकर (निधन २०२१) यांनी गायक आणि गुरू अशा दोन्ही नात्यांनी तत्कालीन औरंगाबादेत (आजचे छत्रपती संभाजीनगर) मोठे कार्य केले. मराठवाड्यातच शिकून, मराठवाड्यातच राहून कलावंत म्हणून मान्यता मिळवता येते, हे नेरळकरांनी आपल्या उदाहरणाने दाखवले आणि त्यामुळे पुढील पिढ्यांना पुण्या-मुंबईस स्थलांतर हा एकमेव पर्याय वाटेनासा झाला.

परंतु परीक्षापद्धतीच्या मर्यादाही लक्षात घ्यायला हव्यात. परीक्षेत विद्यार्थी परीक्षकासमोर गातो, श्रोत्यांसमोर नाही. विचारलेल्या रागाचे आरोह-अवरोह, पकड, छोटा ख्याल, ठरावीक ताना आणि तालाची दुगुन-चौगुन एवढे सादर केले की गुण मिळतात. राग वाढवत नेणे, श्रोत्यांचा कल ओळखणे, साथीदाराशी संवाद साधणे, चुकलेले सावरून घेणे या गोष्टी मैफलीतच शिकता येतात. विशारद झालेला पण एकही पूर्ण मैफल न केलेला विद्यार्थी हे या पद्धतीचे अनपेक्षित फळ आहे.

तरुण कलावंत आणि महाराष्ट्रातील मैफल

महाराष्ट्राच्या मैफलीने तरुणांना कधी दूर ठेवले नाही, याचे दाखले अनेक आहेत. हिराबाई बडोदेकर यांनी १९२१ मध्ये, वयाच्या सोळाव्या वर्षी, विष्णु दिगंबरांनी मुंबईत भरवलेल्या परिषदेत गायन केले. शिवपुत्र कोमकली हा बेळगाव जिल्ह्यातील मुलगा बालपणीच ‘कुमार गंधर्व’ ठरला आणि १९३०च्या दशकाच्या मध्यात मुंबईच्या जिना हॉलमधील परिषदेत त्याने जाणकारांना थक्क केले. पुढे प्रा. बा. र. देवधर यांच्याकडे त्याचे रीतसर शिक्षण झाले. बालपणीचे अनुकरणकौशल्य ओलांडून स्वतःचा विचार घडवण्यासाठी कुमारांना जे दीर्घ शिक्षण मिळाले, ते त्या टाळ्यांपेक्षा मोलाचे होते. पं. भीमसेन जोशी यांनी गुरू सवाई गंधर्व यांच्या स्मरणार्थ पुण्यात सुरू केलेल्या महोत्सवातही (१९५३) प्रस्थापितांबरोबर नव्या दमाच्या कलावंतांना स्थान मिळत आले आहे.

स्वातंत्र्यानंतर शासनाने हे काम हाती घेतले. आकाशवाणीने १९५४ पासून सोळा ते चोवीस वयोगटासाठी संगीत स्पर्धा सुरू केली. १९८२ मध्ये सांस्कृतिक प्रतिभाशोध शिष्यवृत्ती आली आणि २००६ मध्ये संगीत नाटक अकादमीने तरुण कलावंतांसाठी उस्ताद बिस्मिल्ला खाँ युवा पुरस्कार सुरू केला. दरम्यान १९७७ मध्ये दिल्लीच्या आयआयटीत डॉ. किरण सेठ यांनी स्थापन केलेल्या ‘स्पिक मॅके’ने वेगळाच मार्ग निवडला. मोठ्या कलावंतांना थेट विद्यार्थ्यांसमोर बसवून तिने तरुण गायकाआधी तरुण श्रोता घडवण्यावर भर दिला.

युवक महोत्सव : पंधरा मिनिटांचा राग

१९५४ मध्ये दिल्लीच्या तालकटोरा उद्यानात पहिला आंतरविद्यापीठ युवक महोत्सव भरला. १९८०च्या दशकाच्या मध्यापासून भारतीय विश्वविद्यालय संघाने हा उपक्रम नियमित केला. महाराष्ट्रात २००३ पासून ‘इंद्रधनुष्य’ हा राज्यस्तरीय आंतरविद्यापीठ महोत्सव होऊ लागला. नांदेड–लातूर परिसराच्या दृष्टीने निर्णायक घटना म्हणजे १७ सप्टेंबर १९९४ रोजी नांदेड येथे स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाची झालेली स्थापना. त्यापूर्वी येथील महाविद्यालये औरंगाबादच्या विद्यापीठाशी संलग्न होती. नव्या विद्यापीठामुळे महोत्सव जवळ आला, संघांची संख्या वाढली आणि ग्रामीण महाविद्यालयातील विद्यार्थ्यालाही विद्यापीठाच्या रंगमंचावर उभे राहण्याची वाट मोकळी झाली. विद्यापीठाच्या ललित व प्रयोगजीवी कला संकुलामुळे पदव्युत्तर पातळीवर कलाशिक्षणाची सोयही झाली.

युवक महोत्सवात शास्त्रीय गायन, स्वरवाद्य आणि तालवाद्य अशा स्वतंत्र स्पर्धा असतात. त्यासाठी दहा-पंधरा मिनिटांचा अवधी असतो. या मर्यादेचा सादरीकरणाच्या घडणीवर खोल परिणाम झाला आहे. विलंबित ख्यालाची बढत आटोपशीर होते, द्रुत बंदिश लवकर येते आणि तानांची फेक गुण मिळवण्यासाठी पुढे सरसावते. रागाचे वातावरण निर्माण होईपर्यंत समाप्तीची घंटा वाजते. यात दोष विद्यार्थ्याचा नाही. ज्या मापाने मोजले जाते, त्या मापाचे कापड विणले जाते.

असे असले तरी युवक महोत्सवाचे ऋण नाकारता येणार नाही. अनेक ग्रामीण विद्यार्थ्यांसाठी तानपुऱ्याच्या झंकारात, ध्वनिक्षेपकासमोर, शंभर-दोनशे अनोळखी समवयस्कांपुढे गाण्याचा तो पहिला प्रसंग असतो. भजनात मुरलेला आवाज आणि विशारदच्या वर्गातले शास्त्र यांची गाठ बहुधा येथेच पडते.

वृंदवादन : हरवलेला दुवा

समूहसंगीताच्या आधुनिक इतिहासात मैहरचे उदाहरण सर्वांत बोधप्रद आहे. १९१८च्या साथीनंतर अनाथ झालेल्या मुलामुलींना एकत्र करून उस्ताद अल्लाउद्दीन खाँ यांनी मैहर संस्थानात वाद्यवृंद उभा केला. रागदारीवर आधारलेल्या रचना समूहाने वाजवणारा हा वृंद आजही अस्तित्वात आहे. ज्या मुलांना घर उरले नव्हते, त्यांना वाद्यवृंदाने घर दिले. पुढे व्हेनेझुएलात १९७५ पासून होसे आंतोनिओ आब्रेऊ यांनी वंचित मुलांसाठी युवा वाद्यवृंदांची जी चळवळ उभारली, तिचे जगभर कौतुक झाले. त्याच्या अर्धशतक आधी तेच तत्त्व विंध्याच्या परिसरात आचरणात आले होते. आकाशवाणीनेही १९५२ मध्ये पं. रविशंकर यांच्या नेतृत्वाखाली वाद्यवृंद सिद्ध केला.

मराठवाड्यात मात्र रागाधारित युवा वृंदवादन संस्थात्मक पातळीवर रुजले नाही. याची कारणे तीन सांगता येतील. पहिले, परीक्षापद्धती व्यक्तिकेंद्री आहे. समूहवादनाला तिच्यात गुण नाहीत. दुसरे, वाद्ये महाग आहेत. सतार, सरोद वा व्हायोलिनपेक्षा हार्मोनियम आणि तबला सहज मिळतात, त्यामुळे स्वरवाद्यांची विविधताच निर्माण होत नाही. तिसरे कारण संगीताच्या अंगभूत स्वरूपात आहे. ख्यालगायनाचा प्राण उत्स्फूर्त विस्तारात आहे आणि समूहवादनाला पूर्वनियोजित रचना लागते. दोहोंचा मेळ घालणारा रचनाकार शिक्षक विरळा असतो.

तथापि, वृंदाची वृत्ती येथे अन्य रूपांत जिवंत आहे. युवक महोत्सवातील समूहगान आणि लोकवाद्यवृंद या स्पर्धांत मराठवाड्यातील विद्यार्थी संबळ, हलगी, दिमडी, तुणतुणे, टाळ-मृदंग यांच्यासह उतरतात. तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावरचा आत्मविश्वास शास्त्रीय गायनाच्या स्पर्धेतील विद्यार्थ्यापेक्षा वेगळा असतो. ते वाद्य त्यांच्या घरातले आहे, ती लय त्यांच्या गावची आहे. या लोकवृंदाला रागाधारित रचनेची जोड दिली, तर शार्ङ्गदेवाच्या वृंदकल्पनेला आधुनिक महाविद्यालयात नवे रूप मिळू शकते.

लातूर पॅटर्न आणि संगीताची सायंकाळ

लातूर जिल्हा १६ ऑगस्ट १९८२ रोजी तत्कालीन उस्मानाबाद (आजचे धाराशिव) जिल्ह्यातून वेगळा झाला. त्यानंतरच्या दोन दशकांत राजर्षी शाहू महाविद्यालयासारख्या संस्थांच्या यशामुळे ‘लातूर पॅटर्न’ हा शब्द राज्यभर रूढ झाला. दुष्काळी भागातील सामान्य कुटुंबांतील हजारो मुलांना या पद्धतीने वैद्यकीय व अभियांत्रिकी शिक्षणाची दारे उघडून दिली. हे सामाजिक यश मोठे आहे. नांदेडनेही पुढे तोच कित्ता गिरवला.

संगीताच्या बाजूने पाहिले तर या यशाची एक किंमत दिसते. संगीताच्या शिक्षणात चौदा ते अठरा ही वर्षे अत्यंत मोलाची असतात. याच काळात मुलाचा आवाज फुटून नवा आवाज बसतो, वादकाच्या हातात वेग येतो आणि रागांची ओळख समजात बदलते. नेमकी हीच वर्षे शिकवणीवर्गांच्या वेळापत्रकाने व्यापली आहेत. पहाटेचा रियाज आणि सायंकाळचा वर्ग या संगीताच्या दोन्ही पारंपरिक वेळा अन्य विषयांना दिल्या गेल्या. दहावीनंतर संगीताचा वर्ग सोडणारा विद्यार्थी बहुधा ‘बारावीनंतर पुन्हा सुरू करू’ असे म्हणून जातो. पण दोन वर्षांचा खंड पडलेला हात आणि गळा पुन्हा पूर्वपदावर आणणे कठीण असते.

२०१७ च्या शासननिर्णयांनुसार शास्त्रीय कलांच्या परीक्षा उत्तीर्ण झालेल्या विद्यार्थ्यांना दहावीच्या परीक्षेत सवलतीचे अतिरिक्त गुण मिळू लागले. त्यामुळे संगीतवर्गांतील नोंदणीला उत्तेजन मिळाले आणि पालकांच्या दृष्टीने कलेला काही मूल्य आले, हे स्वागतार्ह आहे. परंतु गुण पदरात पडताच तंबोरा गवसणीत जाणार असेल, तर हे उत्तेजन संगीताला मिळाले की टक्केवारीला, हा प्रश्न उरतोच. साधन साध्य झाले की साध्य विस्मृतीत जाते.

सभागृह आहे, सभा हवी

आज नांदेडला डॉ. शंकरराव चव्हाण प्रेक्षागृह व कुसुम सभागृह आहे, लातूरला दयानंद सभागृह आहे. माजी केंद्रीय गृहमंत्री शंकरराव चव्हाण (निधन २००४) यांच्या स्मृतिप्रीत्यर्थ नांदेडला ‘संगीत शंकर दरबार’ भरतो आणि देशातील नामवंत कलावंत तेथे येऊन जातात. दिवाळीच्या पहाटे गोदाकाठी गाण्याचे कार्यक्रम रंगतात. म्हणजे रसिक आहेत, वास्तू आहेत, उत्साहही आहे. परंतु मोठा महोत्सव आणि परीक्षेची खोली यांच्यामधली जागा अपुरी भरलेली आहे. पन्नास-साठ श्रोते, दोन साथीदार, एक तास आणि समोर बसलेले दोन-तीन जाणकार एवढीच सामग्री लागणारी छोटी नियमित सभा हीच तरुण कलावंताची खरी कार्यशाळा असते. ती महाविद्यालयाच्या एखाद्या वर्गखोलीतही होऊ शकते.

निष्कर्ष

१) नांदेड–लातूर परिसरात घराणे वा दरबार नसूनही तरुणांच्या संगीतशिक्षणाची परंपरा अखंड राहिली. तिचे मुख्य आधार वारकरी भजन, मठ-संस्थाने, नारदीय कीर्तन आणि गुरुद्वाऱ्यातील रागाधारित कीर्तन हे होते.
२) या सर्व परंपरांत नवशिक्याला समूहात स्थान होते. तेराव्या शतकात देवगिरी येथे ग्रंथबद्ध झालेल्या वृंदकल्पनेशी त्याचे नाते जुळते.
३) विद्यालयीन परीक्षापद्धतीने संगीत सर्व थरांत, विशेषतः मुलींपर्यंत पोहोचवले, परंतु सादरीकरणाची बाजू दुर्बळ ठेवली.
४) युवक महोत्सवाने ग्रामीण विद्यार्थ्यांना रंगमंच दिला. मात्र स्पर्धेच्या कालमर्यादेमुळे रागविस्ताराऐवजी तयारीच्या प्रदर्शनाकडे कल वाढला.
५) प्रवेशपरीक्षाकेंद्री शिक्षणामुळे संगीतसाधनेची निर्णायक वर्षे खंडित होत आहेत. अतिरिक्त गुणांच्या सवलतीने हा खंड भरून निघत नाही.
६) महाविद्यालयांनी लोकवाद्यांसह रागाधारित युवावृंद उभारणे आणि स्पर्धेविना मासिक संगीतसभा चालवणे, हे उपलब्ध साधनांत शक्य असलेले उपाय आहेत.

समारोप

मराठवाड्याच्या संगीताला उणीव गुणवत्तेची कधीच नव्हती. उणीव होती ती शांतपणे बसून ऐकणाऱ्या माणसांची आणि थोड्या सवडीची. दिंडीत चालणाऱ्या मुलाला ती सवड वाटेनेच दिली, रागी जथ्यातील तरुणाला ती सेवेने दिली. आधुनिक शिक्षणसंस्थेने मुलांना वर्ग दिले, परीक्षा दिल्या, रंगमंचही दिला. आता तिने तासभर कान द्यावा. गळे तयार आहेत, ऐकणारे तयार झाले की मैफल आपोआप भरेल.